रांगेच्या टोकाचा गडी

मनाली सासऱ्यांना कशालाच नाही म्हणत नव्हती, आणि मुरलीधर मास्तरांना नेमकं तेच खुपत होतं.

उन्हाळा ऐन भरात असताना ते शारजाला आले. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. सांगलीकडच्या एका हायस्कुलात ते पी.टी. शिकवायचे, कबड्डीचे संघ बांधायचे. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा धनंजय खोर फक्कानच्या बंदरावर कामाला. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून घरी यायचा, रविवारी दुपारी परत निघायचा. विमानतळावरून आणतानाच तो बापाला म्हणाला होता, रेसिडेन्सीचे कागद करतो, आता इथंच राहा. मास्तर म्हणाले, बघू. ऑक्टोबरचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं.

परत जावंसं त्यांना वाटत नव्हतं. गावाकडे संध्याकाळी दिवा लावला की खोली उजळायची, घर उजळत नव्हतं. इथं निदान दाराशी चपलांचे जोड दिसायचे, बाथरूममध्ये दुसऱ्या कुणाचा साबण ओला असायचा. पण पाहुणा म्हणून उरलेलं आयुष्य काढायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं. घरचा माणूस म्हणून जागा असली तर राहायचं, नसली तर हसतमुखानं विमानात बसायचं. आणि हे विचारून कळण्यासारखं नव्हतं. विचारलं असतं तर मनालीनं तांदूळ निवडावेत तसे शब्द निवडून सांगितलंच असतं, बाबा, हे तुमचंच घर आहे.

मनाली शारजातच लहानाची मोठी झाली. मराठी तिला येत होतं, आईवडिलांकडून आणि मंडळाच्या गणपतीतून उचललेलं, पण सासऱ्यांसमोर ती ते इस्त्री करून बोलायची. ते हॉलमध्ये आले की रिमोट त्यांच्या हातात द्यायची. जेवायला त्यांना सोनेरी काठाचं ताट, ती आणि धनंजय रोजच्या ताटात. पहिल्या दिवशी मास्तर दोडक्याच्या भाजीला बरी झालीय म्हणाले, तेव्हापासून दर दोन दिवसांनी दोडका. त्यांना गारठा सोसत नाही म्हणून एसी सत्तावीसवर, आणि ती बिचारी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मासिकानं वारा घेत बसलेली.

आणि तीच मनाली आतल्या खोलीत धनंजयशी फोनवर बोलू लागली की वेगळीच व्हायची. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, मधेच मराठी. "डीडी, मी तुला किती वेळा सांगितलं यार, नो म्हणजे नो. खलास." दाराबाहेरून ते ऐकताना मास्तरांना मुलाचा हेवा वाटायचा. आपल्यावर असं खेकसायला या घरात कुणी नाही, याचं त्यांना मनातून वाईट वाटायचं.

मनाली पहाटेच्या उजेडात निघायची, शारजा-दुबईच्या गर्दीतून थेट दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला, ते संध्याकाळी परत. मधला सगळा दिवस मास्तरांचा. तो काचेत उगवायचा, काचेतच मावळायचा. बाहेर ऊन असं, की खालच्या कॅफेटेरियाचं मांजरसुद्धा गाडीखालून हलत नसे. अशाच एका दुपारी टीव्ही चाळताना त्यांना हेल्मेटवाली माणसं दिसली.

ते अमेरिकन फुटबॉल होतं. मनालीच्या कंपनीत पूर्वी ओहायोचा एक मॅनेजर होता. त्यानं ऑफिसात या खेळाची एक फँटसी लीग सुरू केली. तो गेला, लीग राहिली. दहाजण हंगामाच्या आधी बसून तिकडचे खरे खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे. खेळाडू अमेरिकेत धावायचे, आणि त्यांच्या खेळाचे गुण इथं ज्याच्या त्याच्या खात्यात पडायचे. जो सगळ्यांत खाली राहील त्यानं पुढचं वर्षभर दर गुरुवारी ऑफिसला नाश्ता आणायचा. मागच्या वर्षी मनालीच तळाला होती. तिनं कांदेपोहे न्यायला सुरुवात केली आणि आता अख्खं ऑफिस ती पुन्हा हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं. यंदा तिला हरायचं नव्हतं. मागच्या हंगामाचे सामने तिनं त्यासाठीच टीव्हीवर साठवून ठेवले होते.

मास्तरांना आधी सगळा गोंधळ वाटला. माणसं वाकतात, कुणी तरी ओरडतो, ढीग होतो, शिट्टी वाजते. मग तिसऱ्या-चौथ्या दुपारी त्यांनी मैदानावर जे करायचे तेच केलं. चेंडू बघायचं सोडलं आणि पाय बघायला लागले. शाळेतही चढाई करणाऱ्या पोराकडे सगळी पोरं बघायची, मास्तर मात्र कोपऱ्यात उभ्या असलेल्याकडे. त्याची टाच टेकली आहे का, नजर चढाईवाल्याच्या कमरेवर आहे का, एवढ्यावर ते संघ निवडायचे.

पाय बघायला लागल्यावर खेळ उलगडला. समोरासमोर दोन रांगा. मागे एकजण चेंडू घेऊन उभा, त्याला पाडायला पलीकडून माणसं धावून येतात आणि अलीकडची रांग त्यांना अडवते. या रांगेच्या अगदी टोकाला एक गडी असतो. तो अडवतोही आणि मनात आलं तर सुटून पुढे पळतो, चेंडूही झेलतो. त्याला टाइट एंड म्हणतात. मास्तरांच्या हिशोबी तो कोपरारक्षक होता, आणि आयुष्यभर त्यांनी कोपऱ्यातल्या माणसावरच जीव लावला होता.

त्या गड्यांमध्ये एकानं त्यांना धरून ठेवलं. एल्मर कोव्हॅक त्याचं नाव. नावाजलेला नव्हता, समालोचक सामन्यात एखाद्या वेळी त्याचा उल्लेख करायचे, तोही चुकून. पण उभा कसा राहायचा तो. पायात अंतर, कंबर खाली, मान सरळ. समोरून रेड्यासारखा माणूस अंगावर आला तरी हा पुढे झेपावत नसे, येऊ द्यायचा, छातीवर घ्यायचा आणि असा वळवायचा की येणाऱ्याला वाटावं आपणच तिकडे निघालो होतो. ढिगातून सगळ्यांत आधी उठायचा, आणि उठल्यावर दुसऱ्याला हात द्यायचा. मास्तरांनी त्याचे मिळतील ते सगळे सामने पाहिले. जिना उतरताना, भाजी आणताना त्यांच्या डोक्यात तोच असायचा. जुन्या हुतूतूत दम धरून ओळी म्हणत चढाई करायचे, त्या चालीवर दोन ओळी आपोआप जुळल्या.

खेळाडू वाटून घ्यायचा दिवस ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी होता. जहाज लागलं म्हणून धनंजय त्या आठवड्यात आलाच नव्हता. मनाली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती, बाजूला फोन, फोनवर ऑफिसच्या ग्रुपचा किलबिलाट. एकेकाची पाळी येत होती, घड्याळ उलटं धावत होतं. मास्तर चहाचे कप घेऊन आले, तशी ती उठायला लागली. त्यांनी खुणेनं बसवलं. मग थोडा वेळ उभे राहून बघितलं आणि विचारलं, "तुझ्याकडे रांगेच्या टोकाचा गडी कोण?"

मनालीनं वळून बघितलं. "टाइट एंड? बाबा, तुम्हाला टाइट एंड माहीत आहे?"

मग मास्तर बोलायला लागले. या घरात आल्यापासून ते एकदम इतकं बोलले नव्हते. मोठ्या नावाचे सगळे आधीच गेले असतील तर जाऊ देत, म्हणाले. त्या कोव्हॅकला घे. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, हंगाम सुरू झाला की सगळे हात चोळतील. ती ऐकतेय असं दिसल्यावर त्यांना चेव आला. पायजमा सावरून ते हॉलच्या मधोमध वाकले, कोव्हॅक कसा उभा राहतो ते दाखवलं, मग कोव्हॅक कसा रेटतो ते दाखवायला सोफ्याला छाती लावली. सोफा भिंतीपर्यंत सरकला. मनाली तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि त्या हसण्यानं धीर येऊन मास्तरांनी धापा टाकत आपल्या ओळी म्हटल्या:

"कोपऱ्यातला गडी माझा, उभा रांगेच्या टोकाला,
येईल त्याला छाती देतो, चेंडू देतो लोकाला."

तिची पाळी आली होती. पडद्यावर कोव्हॅकचं नाव खूप खाली होतं, त्याच्या वर आणखी दोघं-तिघं होते. मनालीनं पडद्याकडे बघितलं, सोफ्याला टेकून उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि बोट दाबलं. लगेच फोन थरथरला. ग्रुपवर कुणी काय लिहिलं ते वाचून तिनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "घेतला, बाबा."

त्या संध्याकाळी मास्तर समोरच्या बागेत दोन फेऱ्या जास्त चालले. खजुराच्या झाडांना दिव्यांच्या माळा होत्या, पोरं सायकलींवरून इंग्रजीत भांडत होती, आणि त्यांना सगळंच गोड वाटत होतं. या घरात आपला मान होता, आज पहिल्यांदा आपला उपयोग झाला. धनंजयला फोन करून कागद कर म्हणून सांगावं, असं ओठावर आलं होतं. पण म्हटलं, गडी मैदानात उतरू दे.

गडी उतरला, आणि मास्तर म्हणाले होते तसाच खेळला. पहिल्या रविवारी जेवणं उरकून दोघं सोफ्यावर बसले. कोव्हॅकनं कुणाला अडवलं की मास्तर मांडीवर थाप मारायचे, "पकड. आला गुण." मनाली म्हणायची, "हो, बाबा." पुढच्या रविवारी तेच. कोव्हॅकनं एका झटक्यात दोघांना रोखलं तेव्हा मास्तरांनी दोन बोटं वर केली, आणि मनालीनं मान डोलावली. सोमवारी ती ऑफिसातून आली की ते विचारायचे, कितवा नंबर? ती पर्स ठेवत म्हणायची, ठीक आहे, बाबा, चाललंय. तिच्या "चाललंय"मध्ये काही तरी लंगडतंय, हे त्यांच्या कानाला कळत होतं, पण मनानं ते घेतलं नाही.

मग एका संध्याकाळी अर्सलान वर आला. तो मनालीच्याच ऑफिसातला, याच भागात राहायचा, दोघं आळीपाळीनं गाडी काढायचे. हैदराबादचा. लीगचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. मनाली चहा टाकायला आत गेली आणि तो मास्तरांसमोर बसत म्हणाला, अंकल, सुना है कोव्हॅक आपकी पसंद है. मास्तरांनी छाती पुढे काढून सांगितलं, हां, मेरा ही है.

अर्सलान मनापासून हसला. त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून तर त्यानं पुढचं बोलून टाकलं. म्हणाला, मनाली तो अपनी ही दुश्मन निकली, ऐसा बंदा ले लिया जो सिर्फ ब्लॉक करता है.

"तो क्या हुआ," मास्तर म्हणाले. "कितने लोगों को रोका उसने. उसका पॉइंट?"

"अंकल, रोकने का कोई पॉइंट नहीं होता."

"हमारे में तो आदमी पकडा तो पॉइंट."

"यहाँ बॉल पकडो तो पॉइंट, अंकल. बॉल लेके भागो तो पॉइंट. आदमी पकडने का जीरो."

आणि त्यानं फोनवर दाखवलंही. मनालीचा संघ तळाला. कोव्हॅकच्या नावासमोर जवळजवळ काहीच नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चहा आला, अर्सलाननं तो घेतला, पोह्यांची आठवण काढली, इन्शाल्ला इस साल भी खिलाओगी म्हणाला आणि यल्ला, चलता हूँ म्हणत गेला. दार लागलं.

मास्तरांना आपल्या चुकीची लाज वाटली नाही, उलट हसूच आलं. जन्मभर जो हिशोब शिकवला, तोच सगळीकडे चालत असेल असं धरून चाललो. कबड्डीत माणूस अडवला की गुण मिळतो. म्हणून जगात कुठंही माणूस अडवला की गुण मिळत असणार. अशी चूक कबड्डीचा माणूसच करू जाणे. त्यांना लागलं ते दुसरंच.

मनाली ओट्याशी पोळ्या लाटत होती. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "त्याला गुण मिळणार नाहीत, हे घेतानाच माहीत होतं."

लाटणं थांबलं. "हो."

"मग घेतलास कशाला?"

"तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात, बाबा. मला नाही म्हणता आलं नाही." मग घाईघाईनं म्हणाली, "आणि गेमच आहे ना ती. त्यात काय एवढं."

"खेळच आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर."

ते स्टुलावर बसले. आवाज चढवला नाही. शाळेत सामना हरल्यावर पोरांशी जसं बोलायचे, तसं हळू बोलले.

"मनाली, मी संघात मुरवतीनं कधी कुणाला ठेवलं नाही. तू मलाही या घरात मुरवतीनं ठेवू नकोस. तू दिलेलं ताट, तू दिलेला रिमोट, सगळं चांगलं आहे. पण ते पाहुण्याला देतात. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. घरच्याला येतं. माझ्याजवळ तिकीट आहे, मी रागावून जाणार नाही. एवढंच कळू दे, मी इथं कोण आहे."

तव्यावरची पोळी फुगली, खाली बसली आणि काळी व्हायला लागली. मनालीनं गॅस बंद केला. तिचे कान लाल झाले होते. ती पिठाच्या हातानंच भिंतीला टेकून उभी राहिली, आणि बोलली तेव्हा तिच्या मराठीची इस्त्री पार मोडली होती.

"बाबा, मला भीती वाटत होती. आय मीन, तुम्ही परत गेलात तर डीडी मला काही बोलणार नाही, मला माहीत आहे. पण मला आयुष्यभर वाटणार ना, की माझ्यामुळे गेले. मी काही तरी चुकीचं बोलले म्हणून. म्हणून मी काही बोलतच नव्हते."

दोन माणसं एकाच दाराच्या दोन बाजूंनी कडी धरून उभी होती, आणि दोघांना वाटत होतं पलीकडचा बाहेर जाईल.

"हात धू," ते म्हणाले. "फोन आण. आणि काढ त्याला."

"आत्ता?"

"माझ्यासमोर."

तिनं हात धुतले, फोन आणला. कोव्हॅकच्या नावावर बोट ठेवून क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, नुसते बसून राहिले. हे तिचं तिनं करायचं होतं. तिनं बोट दाबलं. "काढला," ती म्हणाली. मग श्वास सोडला, आणि ओठ हळूच वाकडे करून म्हणाली, "लोकाला चेंडू देतो म्हणे. मग मला काय देतो?"

मास्तर खो खो हसले. ते हसतायत हे बघून तिला बहुधा धीर आला, कारण ती एकदम म्हणाली, "आणि बाबा, सत्तावीसवर मला झोप येत नाही."

"कशाच्या?"

"एसीच्या. मी रोज रात्री घामाघूम होते. चोवीस पाहिजे."

"पंचवीस."

"चोवीस, बाबा. तुम्ही शाल घ्या."

मास्तरांनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि बरं म्हणाले. मग ओला टॉवेल बाल्कनीतल्या लाकडी खुर्चीवर टाकायचा नाही, हे निघालं. फोनवर बोलताना गावाला हाक मारल्यासारखं ओरडायचं नाही, इथं ऐकू जातं, हे निघालं. शेवटी ती म्हणाली, दोडका तिला लहानपणापासून आवडत नाही.

"मग करतेस कशाला?"

"तुम्हाला आवडतो ना."

"मला कुठं आवडतो. पहिल्या दिवशी आलो होतो, काही तरी चांगलं बोलायला नको?"

त्या रात्रीची भाजी दोडक्याचीच होती. दोघांनी ती रोजच्या ताटात वाढून घेतली आणि लोणच्याशी पोळी खाल्ली.

पुढचे दोन-तीन दिवस नवा गडी शोधण्यात गेले. आता मनालीनं त्यांना नीट शिकवलं. संघातला फेकणारा कुणाकडे किती वेळा फेकतो ते बघायचं. गोल जवळ आला की कुणाला शोधतो ते बघायचं. पाय नाही, बाबा, हात बघा. मास्तरांना ते अवघड गेलं, उजव्या हातानं जेवणाऱ्याला डाव्यानं जेवायला सांगितल्यासारखं, पण ते बसले चष्मा लावून. दुपारी सामने बघायचे आणि संध्याकाळी ती आली की आपलं म्हणणं मांडायचे. एक उंच, हसरा पोरगा त्यांनी हेरला. मनालीनं चप्पल काढता काढताच उडवून लावला.

"नाही."

"का नाही? हात बघ त्याचे, सुपासारखे आहेत."

"हात आहेत, पण त्यांचा फेकणारा जखमी आहे. त्याला फेकणार कोण? नाही, बाबा. नो."

ते "नो" मास्तरांच्या कानात मधासारखं उतरलं. त्यांनी तरीही वाद घातला, दोनदा हरले, तिसऱ्यांदा मुद्दाम हरले. शेवटी मनालीनं एक काटकुळा गडी निवडला. त्याच्याकडेही कुणी बघत नव्हतं, कारण त्याच्या पुढचा माणूस नुकताच दुसऱ्या संघात गेला होता आणि ती जागा याला मिळाली, हे अजून लोकांच्या ध्यानात आलं नव्हतं. मास्तरांनी त्याच्या सामन्यांचे चार तुकडे बघितले आणि नाक मुरडलं. याचे पाय वाईट आहेत, म्हणाले, वळताना टाच उचलतो.

"पायांचे पॉइंट नाहीत," मनाली म्हणाली.

"पडल्यावर कळेल."

"पडला तर मी तुम्हाला विचारणार नाही."

त्या रविवारी धनंजय सुटी काढून घरीच थांबला होता. जेवणं झाली होती. तो जमिनीवर बसून सोफ्याला टेकला होता, आणि बायको व बाप कशावर भांडतायत हे समजून घ्यायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. काटकुळ्यानं पहिला चेंडू झेलला, दुसरा हातातून निसटला. मास्तर म्हणाले, टाच. मनाली म्हणाली, श्श. मधल्या विश्रांतीत तिनं आपणहून दुसरा सामना लावला, तिथं कोव्हॅक होता. आता तो ऑफिसातल्या कुणाच्याच संघात नव्हता. तो तसाच उभा होता, पायात अंतर ठेवून, कंबर खाली घालून, येईल त्याला छातीवर घेत. मास्तर जरा वेळ कौतुकानं बघत राहिले. मग मनालीनं पुन्हा आपला सामना लावला.

तेवढ्यात धनंजयचा फोन वाजला. विमान कंपनीची आठवण होती, ऑक्टोबरच्या प्रवासाची. त्यानं ती वाचून दाखवली आणि बापाकडे न बघता विचारलं, तारीख पुढं ढकलायची का, की कसं?

मास्तर उठले. अशी गोष्ट बसून बोलायची नसते, असं त्यांना वाटलं. पायजमा सावरत ते खोलीच्या मधोमध आले, धनंजयसमोर उभे राहिले, घसा साफ केला. काय बोलायचं ते त्यांनी मनात नीट जुळवून ठेवलं होतं; त्यात बायकोचं नाव होतं, गावाकडच्या घराची किल्ली कुणाकडे द्यायची तेही होतं. पडद्यावर काटकुळा गडी रांगेतून सुटून पळायला लागला होता.

"धनंजय," त्यांनी सुरुवात केली, "मी असा विचार केलाय की..."

"बाबा, सरका ना," मनाली मान वाकडी करून पलीकडे बघत म्हणाली. "मधेच काय उभे राहिलात, काही दिसत नाहीये मला."

मास्तर सरकले. घाईनं सरकताना धनंजयच्या पायाला अडखळले, आणि मनालीनं पडद्यावरची नजर न काढता एका हातानं त्यांचा दंड धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

"कागद कर," ते मुलाला म्हणाले, आणि चेंडू कुठं गेला ते बघू लागले.